मदत हवी आहे: धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) झोपणाऱ्या आई-आबांचं मातीचं घर सुरक्षित कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबांनी बांधलेलं धाब्याचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, सागाचे खांब, पुढे ओटा, मागे खळं, म्हणजे भिंत घातलेलं अंगण. आता तिथे फक्त आई आणि आबा राहतात. आबा 76 वर्षांचे, आई 70 ची. आम्ही दोघी बहिणी, ताई नाशिकला, मी पुण्याला. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोघीही माहेरी होतो. परतलो आणि चौथ्या रात्री घरफोडी झाली.

वैशाखात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो. रात्री घरात झोपवत नाही, गल्लीतले सगळे धाब्यावर असतात. आमचा जिना खळ्यातून आहे. म्हणून पुढच्या दाराला आतून आगळ घालायची, मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली उशाखाली घेऊन वर जायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. चोर खळ्याची भिंत उतरून आले. कुलपाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. कोयंड्याचे स्क्रू फिरवून काढले आणि आत गेले. पहाटे आई पाणी भरायला खाली उतरली, तेव्हा इंचभर लांबीचे चार स्क्रू उंबऱ्यावर ओळीने ठेवलेले होते आणि कुलूप कडीला तसंच बंद लटकत होतं. आईच्या पाटल्या, चांदीचे देव आणि आबांनी बियाण्यासाठी काढून ठेवलेले पैसे गेले. दोघं वर होते म्हणून सुखरूप आहेत, एवढंच मी धरून बसले आहे. पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला, त्याबद्दल काही विचारायचं नाही.

उरलेले दागिने आता तालुक्याला बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. आबांना पटत नव्हतं. 1 जानेवारी 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकर फोडला गेला, आग लागली किंवा बँकेच्या माणसानेच अफरातफर केली, तर वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत भरपाई बँकेवर येते, हे समजावल्यावर ते तयार झाले.

आता दाराचं. सुतार म्हणतो, सागाचं दार उत्तम आहे, बदलू नका, फक्त कोयंडा आरपार जाणाऱ्या कॅरेज बोल्टवर बसवा. गोल डोकं बाहेर, नट आतून, म्हणजे बाहेरून फिरवायला काही सापडत नाही. मला हे पटलं. पण चुलतभाऊ म्हणतो, मागे लोखंडी चॅनेल गेटच लावून टाक, पावसाळ्यात दोघं आत झोपतील तेव्हा आतून कुलूप घालतील. याची मला भीती वाटते. स्वयंपाकघरात सिलिंडर, वर सगळं जुनं लाकूड. रात्री काही पेटलं तर आबा अंधारात किल्ली शोधत बसणार? आतून बिनकिल्लीचं, नुसती मूठ फिरवून उघडेल आणि बाहेरून किल्लीने, असं कुलूप जुन्या जाड फळीच्या दाराला कोणी बसवलं आहे का? आईने तर गेटचं नाव काढताच सांगून टाकलं, "मी काय जेलमा राहू का?"

शिवाय मातीच्या भिंतीत गेट धरणार कसं? खिडकीच्या ग्रिलसाठी भोक पाडलं तर प्लगसकट माती भसाभसा बाहेर आली. भिंतीतून आरपार दांडा काढून आतल्या बाजूला पट्टी लावायची, की चौकटीलाच ग्रिल धरायचं? जुन्या घरात हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.

भिंतीवर तार ओढून करंट सोडा, असंही एकाने सुचवलं. रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या अशा तारांना चिकटून माणसं मेली आहेत. ते आम्ही कदापि करणार नाही.

कॅमेऱ्याबद्दलही गोंधळ आहे. गावात दुसऱ्या एका घरी चोरांनी जाताना डीव्हीआरच उचलून नेला, म्हणजे चित्रीकरणही गेलं. आमच्याकडे ब्रॉडबँड नाही, रात्री वीज जाते. म्हणून सिमकार्डवर चालणारा, सोलर पॅनेलचा कॅमेरा घ्यावा असं वाटतं. उन्हाची आम्हाला कमी नाही, पण तेच ऊन बॅटरीला मारतं. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज होऊ नये म्हणतात, आणि आमची खळ्याची भिंत दुपारी हात लावू देत नाही. पॅनेल उन्हात आणि बॅटरीसकट कॅमेरा वळचणीला, अशी वेगळी जोडणी मिळते का? जळगाव-धुळ्याकडे कोणाचा असा कॅमेरा दोन उन्हाळे टिकला असेल तर अनुभव जरूर लिहा.

आणखी एक. 112 नंबर आबांच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर टाकून दिला आहे, पण पोलीस येईपर्यंत शेजारचे काका जागे व्हायला हवेत. उशाशी बटण आणि काकांच्या घरात बेल, अशी बिनतारी बेल दोन जाड भिंती ओलांडून वाजेल का? साध्या दारावरच्या बेलने काम होईल की वेगळी घ्यावी लागेल?

श्रावणात कानबाईच्या सणाला मी गावी जाणार आहे, हाताशी आठ दिवस असतील. तेवढ्यात दार आणि बेल तरी पूर्ण करायची आहे. दाराची फळी दीड इंच जाड, चौकट साडेपाच फूट उंच आणि तीन फूट रुंद आहे. बोल्ट किती लांबीचे घेऊ, आणि आतून नटखाली लोखंडी पट्टी लावू की मोठे वायसर पुरतील?