एका कागदाची पोरांची पुस्तकं: जुन्या अमेरिकेत कोण काढायचं?

वाचनालय_आर्वी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात पोट्टे येतात, पण रंगीत पुस्तकं घ्यायला अनुदान पुरत नाही. दोनशे वर्षांआधी अमेरिकेत एक-दोन सेंटात पोरांची चिमुकली पुस्तकं मिळत म्हणे. कोण छापत होतं, अन् परवडत कसं होतं? आमाले तसं जमन का?

ट्रेडलकाका
हाव ना, जमते! मी जन्मभर तालुक्याच्या प्रेसात छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवले. लग्नपत्रिका अन् पावतीबुकं, दुसरं काय.

पहिलं नाव वूस्टरच्या छपाईवाल्या आयझाया थॉमसचं. लंडनच्या न्यूबेरी नावाच्या प्रकाशकाची पोरांची पुस्तकं त्यानं १७८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये छापली. मग न्यूयॉर्कचा सॅम्युअल वूड, मूळचा मास्तर, अन् पर्ल स्ट्रीटवरचा मॅलन डे. दोघंही क्वेकर, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचे, म्हणून पऱ्या-राक्षस कमी अन् उपदेश फार. (पोरं तेवढी पानं उलटून टाकत असतील, माझा आपला अंदाज.)

खरी काटकसर घडीत आहे. एकच कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, मधे दोरा, वरून साधं कागदी कव्हर. पुठ्ठा-बांधणीचा खर्चच नाही. चित्रं लाकडी ठशांची. त्यातला उस्ताद अलेक्झांडर अँडरसन, शिकलेला डॉक्टर; डॉक्टरकी सोडून लाकूड कोरत बसला. बॉक्सवूड नावाच्या झाडाचं, रेषांना आडवं कापलेलं लाकूड मोठं चिवट, हजारो छाप काढते. मग एकच ठसा या पुस्तकात, त्याही पुस्तकात. आम्हीही गणपतीचा एकच ब्लॉक अख्ख्या पंचक्रोशीच्या पत्रिकांवर चालवला की!

मास्तरीणबाई_पुलगाव
काका, न्यूबेरीला न विचारता छापली? ही तर चोरीच.

ट्रेडलकाका
ताई, कायद्यानं नाही. देशभराचा कॉपीराइट कायदा तिथं आला १७९० मध्ये, तोही फक्त तिथल्या लेखकांपुरता. परदेशी पुस्तकाला संरक्षण मिळायला १८९१ उजाडलं. तोवर लंडनवाल्यांना फुटकी कवडी नाही. मला विचाराल तर वाईटच, पण स्वस्ताईत त्याचा वाटा मोठा.

वाचनालय_आर्वी
अन् आमच्या ए-फोर कागदाचा फर्मा, म्हणजे कोणतं पान कागदावर कुठं, हे कसं बसवायचं?

ट्रेडलकाका
आडव्या नाही, उभ्या पानांचा धरा. कागदाच्या समोर खाली डावीकडून पान ८ अन् १, त्यांच्या डोक्यावर ५ अन् ४ उलटे. मागं खाली २ अन् ७, वर ३ अन् ६ उलटे. १ च्या पाठीला २ आलाच पाहिजे, नाहीतर कागद वाया. दोन घड्या, पिन मारा, वरची घडी कापा. पोस्टकार्डाएवढं आठ पानी पुस्तक, खर्च एका झेरॉक्सचा. गोष्ट गावातल्याच एखाद्या आजीकडून घ्या, तिला विचारून.