मदत हवी आहे: हातसुताच्या दख्खनी लोकरीची वीण तिरकी जातेय

नमस्कार. आम्ही बेळगावात शहापूरच्या काही बायका शनिवारी दुपारी विणायला जमतो. झालेलं आणि सुयांवर असलेलं सगळं सतरंजीवर मांडायचं, हात लावून बघायचं, लागेल तिथं उसवायचं. सध्या एका काकूंचा नातवासाठीचा स्वेटर बाह्यांपर्यंत आलाय, टोपडी-मोजे तयार आहेत. ते नीट चाललंय. अडलंय ते काळ्या लोकरीपाशी.

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच. खरी लोकर आपल्याच भागात, धनगर-कुरुबांच्या दख्खनी मेंढरांच्या अंगावर आहे. तिची घोंगडी, कंबळी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी, म्हणून कातरलेली लोकर बऱ्याच ठिकाणी चक्क टाकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. सुयांवर तिचं काही चांगलं झालं, तर निदान आम्ही दहा जणी तरी ती विकत घेऊ.

गोकाककडच्या एका आजींनी चरख्यावर कातलेलं एकपदरी सूत मिळालंय. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, याला दिलेली नाही. ६ नंबरच्या (५ मिमी) सुयांवर ४० टाके घालून एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असा नमुना विणला. चौकोन हवा होता, झाली शंकरपाळी! कोमट पाण्यात भिजवून, टाचण्या लावून वाळवला, तेवढ्यापुरता सरळ राहिला. टाचण्या काढल्या की परत तिरका. टाके मोजले, कमीजास्त नाहीत.

असं का होतं? आणि ही लोकर टोचते, तर तिचं काय विणावं?

प्रतिसाद:
ताई, हा सुताच्या पिळाचा गुण आहे. हातभर सूत घेऊन मध्ये दुमडा आणि लोंबतं सोडा. आपोआप एकमेकांभोवती गुंडाळलं गेलं, तर पीळ जास्त आहे. सुलट-उलट सुयांच्या विणीत सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून असतात, त्यामुळे तो पीळ सगळं कापड एकीकडे ओढतो. सगळ्या सुया सुलट विणा, किंवा साबुदाण्याची वीण घाला (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या सुईला त्यांची अदलाबदल). दोन्हीत दोन्हीकडचे टाके सारखे पडतात, ओढ फिटते. शिवाय कडा गुंडाळत नाहीत.

कायमचा उपाय म्हणजे दोन पदर एकत्र करून उलटा पीळ देणं. मात्र सूत जाड होईल, सुया मोठ्या घ्याव्या लागतील.

प्रतिसाद:
टोचण्याबद्दल: बाळाच्या अंगाला ही नकोच. आसन, खांद्यावरची पिशवी, उशीचा अभ्रा, शर्टावर घालायचं जाकीट, यांना अशी राठ लोकरच बरी, झिजत नाही. गळ्याशी येणारं काही हवंच असेल तर कोकराची पहिली कातरण मागा, ती मऊ असते. आजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळी एकत्र कातली जाते.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघींचे खूप आभार. आमच्या काकूंनी लगेच साबुदाणा घालून पाहिला, चौकोन सरळ बसला की! आता आसनच करतो. दुपदरी सूतही करून बघायचंय, पण चरखा नाही. टकळीवर जमेल का?

प्रतिसाद:
जमतं. दोन गुंडे दोन वेगळ्या डब्यांत ठेवा, म्हणजे गुंता होत नाही. दोन्ही धागे सारखे ताणून धरा आणि कातताना दिलेल्या पिळाच्या विरुद्ध दिशेला टकळी फिरवा. थोडं झालं की सूत लोंबतं सोडून बघा. गुंडाळलं नाही, तर पीळ बरोबर. मग लडी करून कोमट पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, आणि त्यानंतरच टाके घाला.