मदत हवी आहे: चामड्याच्या हातशिलाईत दोरा आणि भोक यांचं माप कसं जुळवायचं?

नमस्कार मंडळी. मी पाकीट शिवतेय. प्रत्येकी 1.2 मिमी जाडीचे दोन थर, म्हणजे एकूण 2.4 मिमी. भोकं 4 मिमी अंतराच्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या दातांच्या पंचने पाडली आहेत. दोन सुयांनी शिवते, त्यामुळे प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो.

आधी 0.55 मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा घेतला. शिलाई झाली छान, पण टाका भोकात हरवल्यासारखा दिसतो आणि दोन्ही बाजूंना फट राहते. शिलाईवर हातोडीने हलकेच ठोकलं, भोकं थोडी मिटली, पण पूर्ण नाही. मग 1 मिमीचा दोरा लावून पाहिला. दुसरी सुई काही केल्या निघेना. पक्कडीने ओढली तर कडेजवळचं एक भोक फाटलंच. फार वाईट वाटलं, तो तुकडा मी मनापासून निवडला होता.

आता 0.8 घ्यावा असं वाटतंय. पण मला शंका आहे की दोष दोऱ्यात नसून माझ्या पंचच्या दातांच्या रुंदीत आहे. अंतर 4 मिमीच असलं तरी सगळ्यांचे दात सारखे रुंद नसतात ना? की पंचने फक्त खुणा करून भोकं बारीक आरीने पाडावीत? मागच्या बाजूला टाके तिरके न पडता सरळ येतात, तेही दातांच्या रुंदीमुळेच का?

तुम्ही या जाडीला कोणता दोरा आणि कितव्या नंबरची सुई वापरता, कृपया सांगा. उरलेल्या तुकड्यांवर आधी करून बघेन.