जपानीतल्या 'पार्टिकल'ला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगरकरीण: जपानीच्या एन ५ या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेला बसणाऱ्या नवशिक्यांसाठी मराठीतून टिपणं काढतेय. हिरागाना लिपी उरकली, वाक्यरचनेशी अडलंय. 'वाताशि वा गाकुसेइ देस', म्हणजे मी विद्यार्थी आहे. यातला 'वा' आणि गा, ओ, नि, नो हा सगळा गोतावळा, याला काय म्हणायचं? मी 'विभक्तिप्रत्यय' लिहिलं. क्लासमधल्या एका काकांनी ते खोडून 'शब्दयोगी अव्यय' केलं. कोणाचं बरोबर?

पंतोजी: दोन्ही नको. निरुक्तकार यास्काने शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चार भाग केलेत. च, वा, इव अशा चिमुकल्या शब्दांना 'निपात' हा शब्द तयार असताना नवा कशाला शोधायचा?

चहाबाज: निपात म्हणालात तर पोरं दुसऱ्या दिवशी फिरकायची नाहीत. पार्टिकलच म्हणा. टेबलाला आपण कुठे काही म्हणतो?

पंतोजी: याच न्यायाने उद्या व्याकरणालाही ग्रामर म्हणा.

चहाबाज: म्हणतातच की!

रानडेवाला: वाद बाजूला ठेवून नेमकं पाहू. 'नो' म्हणजे बहुतेकदा चा-ची-चे, 'ओ' कर्माचा, 'नि' कधी ला, कधी त. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. इथवर 'विभक्ती' चालेल. पण आपल्याकडे घर-घराला, घर-घराजवळ असं सामान्यरूप होतं, जपानी नाम जागचं हलत नाही. आणि 'वा' तर विभक्ती नव्हेच. कर्ता सहसा 'गा' दाखवतो. 'वा' सांगतो की बोलणं कशाबद्दल चाललंय. हॉटेलात जपानी माणूस 'बोकु वा उनागि दा' म्हणतो, शब्दशः मी ईल मासा. आपणही वेटरला 'मी मिसळ, ही साबुदाणा वडा' असंच सांगतो ना?

कर्वेनगरकरीण: मग 'वा'ला 'तर' म्हणू का? 'मी तर विद्यार्थी आहे'?

रानडेवाला: त्यात भांडणाचा सूर येतो. 'वा'लाही कधी कधी तो असतो, पण दर वाक्यात नाही.

अप्पा: माझ्या मते हे सगळं इथूनच गेलंय. 'गाकुसेइ देस का?' आणि 'विद्यार्थी आहे का?' तोच 'का'! वाक्याच्या शेवटी ते 'ने' लावतात, तो म्हणजे आपला 'ना'. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलं असणार.

रानडेवाला: अप्पा, तो योगायोग. गेला तो वर्णमालेचा क्रम. आ का सा ता ना हा मा या रा वा म्हणून बघा. भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्यातून हा क्रम बसला. 'हा' मात्र 'ना' आणि 'मा'च्या मधे, म्हणजे प-वर्गाच्या जागी, कारण त्याचा उच्चार पूर्वी 'प' होता. आजही त्या अक्षरावर बारीक गोल काढला की 'पा' होतो. वाक्यातला 'वा' लिहितात तोही याच 'हा'च्या अक्षराने. उच्चार सरकत गेला, पण १९४६ च्या लेखनसुधारणेतही या 'वा'चं अक्षर बदललं नाही.

अप्पा: म्हणजे गेलं इथूनच! मी वेगळं काय म्हणत होतो?

पंतोजी: टिपणांत 'त्सु' लिहू नका, एवढं मात्र पाहा. ता-ओळ आहे ता, चि, त्सु, ते, तो. यातला चि चिंचेतला आणि त्सु चुलीतला च. मराठी तोंडात दोन्ही आहेत, जोडाक्षर कशाला?

कर्वेनगरकरीण: पंतोजी, पण माझ्या वर्गात दोन हिंदीभाषक आहेत.

पंतोजी: त्यांना चूल म्हणायला शिकवा आधी.

चहाबाज: मग त्सुनामीला चुनामी लिहायचं?

पंतोजी: हो. पानाच्या चुन्यातला च.

चहाबाज: आणि वाचणाऱ्याने हिंदीतला चुना वाचला तर?

अप्पा: 'चुना' संस्कृत 'चूर्ण'वरून. तोही जपानात गेला असेल का हो?