ओव्हरीतला डर्मॉइड सिस्ट: ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारावं?

चिंचोका
धाकट्या बहिणीच्या (वय 26) पोटात अधूनमधून दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली. डाव्या ओव्हरीत 7 सेंमीचा डर्मॉइड सिस्ट (एक प्रकारची गाठ) निघाला. डॉक्टर अगदी सहज म्हणाल्या, "आत केस असतील, कदाचित दातही." तेव्हापासून पोर आरशासमोर उभी राहून पोट चाचपते. त्यात घरातल्या एकीने 'जुळं पोटातच राहिलं असेल' असं ठोकून दिलं. ऑपरेशन करा म्हणतात. ओव्हरी जाईल का, याचीच तिला धास्ती. परवा भेट आहे. ज्यांचं झालंय त्यांनी सांगा, काय विचारू?

अर्धविराम
माझं 4 वर्षांपूर्वी झालं, 8 सेंमी, उजवीकडे. पहिला प्रश्न हाच: फक्त सिस्ट सोलून काढणार की ओव्हरीसकट? या वयात गाठ साधी दिसत असेल तर शक्यतो ओव्हरी राखतात.
दुसरा: दुर्बिणीतून करणार असाल तर गाठ पिशवीत घालून काढणार का? आतला ऐवज पोटात सांडला तर क्वचित आतून सूज धरते. सांडलाच तर कोमट सलाइनने भरपूर धुतात. कोमटच का, तर गाठीतलं तेल अंगाच्या उष्णतेला पातळ असतं, बाहेर गार झालं की तुपासारखं थिजतं. मला नंतर फोटो दाखवला. पिवळट लोण्यात केसांचा गुंता, न्हाणीघराच्या जाळीत अडकतो तसाच. दात नव्हता. खरं सांगू, थोडी निराशाच झाली!

उनाड_ढग
घाई कशाला? बायकोचा 3 सेंमीचा आहे, 5 वर्षं नुसती सोनोग्राफी करतोय. हे सिस्ट फार सावकाश वाढतात.

अर्धविराम
@उनाड_ढग, 3 सेंमी आणि दुखत नाही, ती गोष्ट वेगळी. इथे 7 आहे आणि दुखतंयही. जड ओव्हरी देठाभोवती फिरून पीळ बसला की रक्तपुरवठाच तुटतो. चिंचोका, एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या आल्या तर परवाची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत जा.

सूक्ष्मदर्शी
अशा गाठी कापून तपासणं हे माझं रोजचं काम. जुळं-बिळं काही नाही, ते डोक्यातून काढा. ओव्हरीतल्या बीजपेशीत शरीरातला कुठलाही भाग घडवायची क्षमता असते. अशी एखादी पेशी गर्भधारणेशिवायच वाढू लागते आणि कातडी, केस, चरबी, कूर्चा, दात, मेंदूसारखा ऊतक असं जमेल ते बनवते, पण आराखडा नसतो. कधी गाठीत बहुतांश थायरॉइडच सापडतं.
वैद्यकीय नाव टेराटोमा. 'राक्षस' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, बहिणीला सांगू नका. रिपोर्टात 'मॅच्युअर' असेल तर गाठ साधी. अशा गाठीत कॅन्सर 1-2 टक्क्यांतच होतो, तोही बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात. 'इमॅच्युअर' (कच्च्या पेशींचा, कॅन्सरचा) हा प्रकार मात्र वेगळा, दुर्मीळ, आणि तो तरुण वयातच जास्त दिसतो. म्हणून ट्यूमर मार्कर (कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) केलेत का ते विचारा. दुसरी ओव्हरीही नीट बघायला सांगा. साधारण दहात एकीला दोन्हीकडे असतो.

चिंचोका
जाऊन आलो. सिस्टच सोलून काढणार, दुर्बिणीतून, पिशवीत घालून. मार्कर नॉर्मल. दुसरी बाजू सोनोग्राफीत स्वच्छ आहे, तरी ऑपरेशनमध्ये बघतील. मी कागद घेऊन बसलो होतो, पण शेवटचा प्रश्न तिनेच विचारला: "दात निघाला तर मला मिळेल?" डॉक्टर म्हणाल्या, आधी पॅथॉलॉजीत जाईल.

सूक्ष्मदर्शी
आम्ही फोटो काढून ठेवतो. मागायला सांगा.