मदत हवी आहे : जुने जपानी परग्रहवासीपट मूळ आवाजात कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. तोहो कंपनीचा १९५७चा ‘चिक्यू बोएइगुन’ पाहिला आणि वेडच लागलं. दिग्दर्शक इशिरो होंडा, ट्रिकसीन एइजी त्सुबुराया यांचे, संगीत अकिरा इफुकुबे. परग्रहवाले येतात आणि मागतात काय, तर ३ किलोमीटर त्रिज्येची जमीन आणि लग्नाला पृथ्वीवरच्या बायका! डोंगराची कड फोडून मोगेरा नावाचा चोचवाला यंत्रमानव बाहेर पडतो, तिथे मी चहा विसरलो.

पण मला मिळालेली प्रत इंग्रजी डबिंगची. ओठ एकीकडे, संवाद भलतीकडे. वर पडदा दोन्ही बाजूंनी कापलेला. सिनेमा मुळात रुंद पडद्याचा, त्यामुळे टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाचं नुसतं नाकच दिसत होतं.

तर मूळ जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल्स आणि पूर्ण रुंदीचं चित्र असलेली डिस्क कोणी घेतली आहे का? भारतात मागवली असेल तर आपल्या प्लेअरवर चालली का?

दुसरं म्हणजे, पुढे काय बघू? दाइएई या जपानी कंपनीचा १९५६चा रंगीत सिनेमा (इंग्रजी नाव ‘वॉर्निंग फ्रॉम स्पेस’) यादीत आहे. त्यातले तारो ओकामोतोंनी रेखाटलेले, पोटावर एकच डोळा असलेले ताऱ्याच्या आकाराचे पाहुणे बघायचेच आहेत. (ते हल्ला करत नाहीत, सावध करायला येतात. चालेल!) १९६५च्या ‘काइजू दाइसेन्सो’त गॉडझिला थेट एक्स ग्रहावर जातो म्हणे. त्याआधी १९६४चा, गिदोरा या तीन डोक्यांच्या राक्षसाचा सिनेमा पाहिलाच पाहिजे का?

घरी १० वर्षांची भाची सोबत बसते, तेही लक्षात घ्या.