मदत हवी आहे: २००९ च्या ट्रेलरच्या आरसीवर वाढीव वजन चढवता येतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही वडाळ्याचे. बाबांनी २००९ साली घेतलेला हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ४० फुटी ट्रेलर अजून धंद्यात आहे. न्हावा शेवाहून भिवंडी, कधी तळोजा. हॉर्सला दोन ॲक्सल, ट्रेलरला तीन, आणि आरसीवर गाडी आणि माल मिळून एकूण वजन ४०.२ टन.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवली. पुढचा ॲक्सल ६ वरून ७ टन, हॉर्सचा मागचा १०.२ वरून ११.५, ट्रेलरचे तीन मिळून २४ वरून २७. बेरीज ४५.५. शेजारची नवी गाडी तेवढ्याच ॲक्सलवर ४५.५ टन ओढते, आमची मात्र कागदावर ४०.२ लाच अडकली आहे. रिकामी जोडी साडेतेरा टन भरते. म्हणजे कंटेनर धरून २६.७ टन, बस. २८ टनांचा बॉक्स आला की सोडून द्यावा लागतो. गेल्या महिन्यात असे चार सोडले, फार लागलं मनाला.

नेलाच आणि वजनकाट्यावर सापडलो तर २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा. सीलबंद कंटेनरमधला १.३ टन हायवेवर कोण उतरवणार?

एक एजंट म्हणाला, पैसे द्या, चढवून देतो. तसं मला नको. उद्या अपघात झाला तर विमावाले आधी आरसीच मागणार. आणि जुन्या चासीला, ब्रेकला कंपनीने किती वजनाची हमी दिली होती हे तपासायलाच हवं, त्यातून सूट मागत नाही. किंगपिन (हॉर्सला ट्रेलर जोडणारा खुंटा), पाटे, ब्रेकचे लायनर मी दर सहा महिन्यांनी उभा राहून बघून घेतो.

तर विचारायचं हे, की २०१८ च्या आधीच्या जोडीवर कुणी रीतसर वजन बदलून घेतलंय का? गाडीच्या कंपनीचं पत्र लागलं का? हॉर्स आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी, मग बदल दोन्ही आरसींवर करावा लागला का?

निव्वळ वय झालं म्हणून गाडी भंगारात काढायची सक्ती नाही, फिटनेस मिळालं तर चालते, हे ठाऊक आहे. पण १५ वर्षांवरच्या अवजड गाडीची पासिंग (फिटनेस तपासणी) फी एप्रिल २०२२ पासूनच १२,५०० झाली. एवढं भरून २६ टनांवरच राहायचं असेल तर बाबांना काय सांगू? ते म्हणतात, लोखंड अजून चांगलं आहे, आणि ते खरंही आहे.

पासिंग पुढच्या महिन्यात आहे. कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं, किती दिवस लागले, ते कृपया लिहा.